पित्त नव्हतं ते, वयनी

वयनी, तुला जाऊन पाच आठवडे झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. डबा भरताना, बसमध्ये, वॉर्डात सलाईन बदलताना मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत असते. पहिल्या आठवड्यात ती सगळी माझी बाजू मांडणारी होती. आता तशी सुचत नाहीत. काहीतरी तोंडाशी येतं आणि तिथेच थांबतं. काल एका पेशंटला सुई लावताना मी मोठ्याने म्हटलं, "माका काय म्हायत होतां?" ती बिचारी म्हणाली, "काय ओ सिस्टर?" म्हणून आज लिहायला बसले.

बाराव्याला मोठी काकी आली होती. पदराने डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, "भाग्यवान गो ती. कपाळाक कुंकू घेवन गेली. आणि एका दिवसात सुटली, कोणाक तरास म्हणान दिल्यान नाय."

मी चहा ओतत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं. "एका दिवसात नाय काकी. अकरा महिने सांगी होती ती."

दादा उठून मागच्या दारी गेला. काकीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सुतकात मासे मागितले. तू असतीस तर मला चिमटा काढला असतास आणि नंतर स्वयंपाकघरात हसली असतीस. मला त्या दिवशी रडू नाही आलं, राग आला. काकीचा नाही, आणि दादाचाही नाही. ते "अकरा महिने" मी इतक्या ठामपणे म्हटलं, कारण ते मोजणारी मीच होते. तू प्रत्येक वेळी मलाच सांगत होतीस.

तू आधी माझ्या वर्गातली, मग माझी वयनी. दादासाठी तुझं नाव घरात मीच काढलं. आई म्हणाली होती, "शिकलेली आसा, घरात रवात काय?" तू राहिलीस. सड्याच्या माळावरच्या शाळेत मास्तरीण झालीस, प्राचीला वाढवलंस, आणि गेली चार वर्षं आई अंथरुणाला खिळल्यापासून तिचंही सगळं केलंस. ती माझी आई आहे, वयनी, तुझी नव्हे. मी अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. रविवारी यायची, आईच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायची, तुझ्या हातचं जेवून पाच वाजताच्या एसटीने परत. शेजारीपाजारी म्हणायचे, "नंदा आवशीक किती बघता!" तू कधी त्यांना दुरुस्त केलं नाहीस.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या छातीत दुखलं तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. दुकानाचं शटर वर करताना त्याने छाती धरली. शेजारच्या दुकानदाराने त्याला गाडीत घातलं आणि आमच्याकडे आणलं. आमचा दवाखाना पंधरा खाटांचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुला माहीतच आहे. दादा दारात दिसला आणि मी ओरडले. डॉक्टर जेवत होते, हात न धुता आले. दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला, जिभेखाली गोळी गेली, सुई लागली. डॉक्टरांनी स्वतः गोव्याला फोन लावला. गोव्याच्या हद्दीजवळचा इन्सुलीचा नाका ओलांडताना मी घड्याळ पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या हृदयाच्या शिरेत जाळी बसली होती. सगळे म्हणाले, नंदा होती म्हणून वाचला. मलाही तसंच वाटलं. अजूनही वाटतं, आणि तेच आता टोचतं.

घरी आल्यावर त्याचं पथ्य सुरू झालं. सोलकढीतला नारळ कमी झाला, सुकटीची चटणी बंद झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. दादा एकटा चालायला जाईना म्हणून तू पाचला उठून त्याच्याबरोबर जायला लागलीस. आणि गेल्या वर्षी तिथेच हे पहिल्यांदा दिसलं. जाळी बसलेला तो पुढे जायचा आणि तू मागे पडायचीस. घाटीच्या मध्यावर ओहोळाचा छोटा पूल आहे, त्याच्या कठड्यावर तू बसायला लागलीस. दादा वरून हाक मारायचा, "चल गो! वजन कमी कर जरा!" मला हे तू हसत सांगितलंस. मीही हसले. तुला साखर होती, प्राचीच्या वेळेपासूनच, आणि त्या गोळ्या तुला मीच आणून देत होते. तरीसुद्धा हसले.

मग तुझा जबडा दुखायला लागला. चढ चढताना दुखायचा, बसलं की थांबायचा. तू दातांच्या डॉक्टरकडे गेलीस. त्याने एक दाढ काढली. रविवारी मी आले तर तुझा गाल सुजलेला.

"कीड होती काय?" मी विचारलं.

"नाय गो. बरी दाढ गेली माझी. आणि दुखता तां दुखताच."

चढ चढल्यावर दुखणारी दाढ. मी पंचवीस वर्षं नर्स आहे, वयनी. हे वाक्य मी दादाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला त्याच क्षणी गाडीत घातलं असतं. तुझ्या तोंडून ऐकलं आणि विचारलं, "जेवण मऊ करतस मा?"

मग एका शनिवारी, सकाळची शाळा करून, तू दवाखान्यात आलीस. केस नीट बांधलेले, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. बाकावर रांगेत बसलीस. मी तुला आत घेतलं नाही, लोक म्हणतील सिस्टरच्या घरच्यांना रांग नाही. तुझा नंबर आल्यावर केसपेपर घेऊन मी समोर बसले.

"काय होता?"

"हयसर, पाठीत, मधोमध. कोणी मूठ दाबून धरल्यासारख्यां. आणि चढ चढलंय की डावो हात जड होता. थकाक होता गो, खूप. वर्गात उभ्या रवाक होणा नाय."

तू इतकं स्वच्छ सांगितलंस. शिकवणारी बाई, नेमकं बोलणारी. आणि मी केसपेपरवर लिहिलं, 'पित्त, अंगदुखी'. डॉक्टरांनी तुला बघण्याआधीच लिहिलं. त्यांनी आधी माझं अक्षर वाचलं आणि मग तुझ्याकडे पाहिलं.

"घरात काही ताण, मॅडम?"

"सासूबाई अंथरुणाला असतात."

"पाळी?"

"जाण्याच्या मार्गावर आहे."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "समाधानासाठी एक ईसीजी काढून टाका." तू अर्धा तास बसून, विसावून, आडवी झाली होतीस. कागदावर काही दोष दिसला नाही. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, झोपेची एक अर्धी गोळी दिली, थोडी योगासनं करा म्हणाले. वाईट माणूस नाही तो. तुला माहीत आहे, त्याने दादासाठी ताट टाकलं होतं.

पण दादाला त्यांनी वीस प्रश्न विचारले होते. तंबाखू, वडील, काका, साखर, सगळं. तुझ्या वडलांचं कोणी विचारलं नाही. विचारायची गरज तरी काय होती? मी समोर बसले होते. आपण दहावीत होतो तेव्हा तुझे बाबा सकाळी दात घासताना पडले आणि गेले. पन्नाशीही झाली नव्हती त्यांची. बातमी ऐकून मी शाळेतून धावत तुझ्या घरी आले होते, तुझ्याजवळ बसले होते. मला माहीत होतं. केसपेपरवर दोन ओळी आणखी मावल्या असत्या.

तू गोळ्या घेतल्यास. काही फरक पडला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा आलीस, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पट्ट्यावर चालवून तपासणी करतात, ती हवी तर करून घ्या. घाई नाही." त्यासाठी दोन दिवस जायला हवं होतं. आता आईचं कोण करणार? तू मला विचारलंस. मी म्हटलं, "चतुर्थी होवन जांवदे, मगे रजा घेतंय." चतुर्थी झाली. मग आमच्याकडे तापाची साथ, मग तुझ्या शाळेची तपासणी. दादा म्हणाला, "ईसीजी बरो इलो मा? मगे कशाक फुकट धावपळ?" आणि मी गप्प बसले, कारण त्याचं म्हणणं मला सोयीचं होतं. रजा मिळाली असती, वयनी. मी मागितलीच नाही. आईचे दोन दिवस म्हणजे अंथरूण बदलणं, भरवणं, रात्रीचं उठणं. मी पेशंटचं रोज करते, पण घरी येऊन पुन्हा तेच करायचा मला कंटाळा होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

आणि मग तो रविवार, आपल्या भांडणाचा. तू भाकऱ्या थापत होतीस. अर्ध्यावर थांबलीस, परातीच्या काठावर हात टेकलास. मी म्हटलं, "बस जरा. ह्या वयात होताच असां. माका पण झालां होतां."

तू वळलीस. तुला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या हरेक दुखण्याक पाळी लावतस तू. तुझ्या दादाच्या छातीत दुखलां तेव्हा धावलंस. माका मात्र पित्ताच्यो गोळयो दाखवतस. नर्स मा तू? का फक्त दादाची नर्स?"

"दादाचो हार्ट अ‍ॅटॅक होतो! तेची बरोबरी करतस?"

"बरोबरी करूक माका मरूक व्हया काय?"

मी पिशवी उचलली आणि न जेवता निघाले. तू दारापर्यंत आली नाहीस. आठ दिवस मी फोन केला नाही. तूही केला नाहीस. त्या आठ दिवसांत मी किती जणींना सांगत होते, माझी वयनी बदलली, हल्ली तिला दादाच्या तब्येतीकडे लक्ष दिलेलंही सोसत नाही. असं मी बोलले. तुला हे कळलेलं नाही. आता कळावं म्हणून सांगते.

पुढच्या रविवारी सकाळी आठला दादाचा फोन. "हिका पहाटेपासून उलट्यो होतत. घाम सुटलो हा. काल सुंगटां खाल्ल्यान, तीच बाधली."

मी म्हटलं, "मीठ-साखरेचां पाणी दी. येतंय मी." आणि आंघोळ केली. कपडे वाळत घातले. तुझ्यावर रुसले होते ना. पाऊण तासाने पोचले.

तुझा हात धरला तेव्हा कळलं. तो थंड, चिकट हात माझ्या ओळखीचा होता. ओठ राखेसारखे. मी दादाला ओरडले, गाडी काढ. दवाखान्यात या वेळी रांग नव्हती. ईसीजीचा कागद मशीनमधून बाहेर येत होता आणि मी तो उलटा वाचत होते, तरी मला दिसत होतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग ते सगळं झालं, जे दादाचं झालं होतं. गोळ्या, सुई, फोन, रुग्णवाहिका. तोच रस्ता. दादा पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे तुझ्याजवळ.

सावंतवाडी मागे टाकल्यावर तू डोळे उघडलेस. मास्क बाजूला केलास.

"आता तरी खरां वाटता मा तुका?"

मी म्हटलं, "बोला नको. मास्क लाव."

एवढंच म्हटलं, वयनी. मास्क लाव. तू तो लावलास, माझ्या हाताने. इन्सुलीचा नाका यायच्या आधी तुझी नाडी गेली. मी छाती दाबत राहिले, गोव्यापर्यंत दाबत राहिले. पुढे दादा मागे वळून विचारत होता, "बरी आसा मा? बरी आसा मा?"

तू विचारलंस त्यात टोमणा होता की समाधान, हे मला कळत नाही. दिवसातून दहा वेळा मी ते वाक्य तुझ्या आवाजात म्हणून बघते. कधी तू चिडलेली असतेस. कधी वाटतं, तुला नुसतं विचारायचं होतं, जसं तू विचारायचीस, भात शिजलो मा? म्हणजे अकरा महिने तुलाही खात्री नव्हती की काय? आमच्या गोळ्या, आमचं हसणं, ह्यांनी तुला स्वतःचंच दुखणं खोटं वाटायला लावलं होतं की काय? हे शेवटचं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा टोमणा असू दे.

प्राची पुण्याहून आली ती अजून इथेच आहे. आईचं दादा करतो. त्याला जमत नाही, पेज अंगावर सांडते, आई ओरडते. परवा तो पेजेची वाटी धरून तसाच बसला आणि म्हणाला, "ती माका सांगी होती, नंदा. माका वाटलां, माझां दुखणां बघून तिका भास होतत." मी त्याला समजावलं नाही. माझं सांगावं असंही वाटलं, पण तो आधीच वाकला होता. मी त्याच्या हातातून वाटी घेतली आणि आईला भरवलं. आता मी रोज संध्याकाळी येते. चार वर्षं तू हे कसं केलंस, पाठीतली ती मूठ घेऊन? एकदाही माझं नाव घेऊन ओरडली नाहीस. भांडणाचा तो रविवार सोडला तर. तो रविवार माझ्या वाट्याला आला हे बरं झालं. कोणावर तरी तू ओरडलीस.

कामावर गेल्यावर मी तुझा केसपेपर शोधून काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"वरचं अक्षर तुमचं," ते म्हणाले.

"हो. खालचं तुमचं."

बाहेर पेशंट खोकत होते. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बायकांमध्ये हे असं येतं, हे मला शिकवलं होतं, सिस्टर. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत मी." आणि बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला. त्या दिवशी त्यांनी तीन बायकांना वडलांबद्दल विचारलं. चौथीला विचारायला विसरले. मी विचारलं.

गेल्या सोमवारी काजूच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आली. पन्नाशीची, सोबत नवरा. तिने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "गॅस आसा तिका. एक इंजेक्शन मारा, बरी जाता."

मी म्हटलं, "तुमका नाय इचारूक. तिका इचारलंय."

ती नवऱ्याकडे बघत, अडखळत बोलली. जेवण घेऊन चढ चढली की गळ्याशी दाटतं. मानेपासून खांद्यापर्यंत. बसलं की जातं. मी सगळं लिहिलं, तिचेच शब्द, एकही न बदलता. दोन पानं झाली. ईसीजी चांगला आला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "गोव्याला पाठवू." नवरा उसळला. एक दिवसाचा खाडा, पोरीची बारावी, घरी कोण बघणार. मी त्याला घेऊन बाहेर बाकावर बसले आणि तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं नाही. इन्सुलीपर्यंत सांगितलं. तो उठला आणि गोव्याच्या एसटीची वेळ विचारायला गेला.

आज सकाळी ती दोघं परत आली. तिच्या शिरेत अडथळा निघाला, पण जाळी बसवण्याइतका नाही. चार गोळ्या सुरू केल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. नवरा कागद माझ्यापुढे धरून कुरकुरला, "चार गोळयो देल्यानी सिस्टर. इतक्यासाठी आमका गोव्याक धाडलात?"

"होय," मी म्हटलं, "इतक्याचसाठी."

गोळ्या मी तिच्या हातात दिल्या, त्याच्या नाही. कोणती सकाळी, कोणती जेवल्यावर, ते तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. ती गेल्यावर मी आतल्या खोलीत औषधांच्या कपाटापुढे उभी राहिले. चारही गोळ्या तिथे होत्या, वयनी, दुसऱ्या कप्प्यात, हाताला सहज लागतील अशा. तू वह्यांची पिशवी घेऊन बाकावर बसली होतीस, त्या शनिवारीही तिथेच होत्या.